बार बंद होणे आणि बार लागणे : जत्रेतील पाळण्यांवर बसताना काय तपासावे

कार्तिकात दहीकाल्याच्या जत्रा सुरू झाल्या की देवळाखालच्या मळ्यांत पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहू लागतात आणि महाशिवरात्र, शिमगा करीत पावसाच्या तोंडापर्यंत ते गावोगाव फिरत राहतात. आकाशपाळणा आणि साखळीचा पाळणा जुने आहेत. त्यांच्या जोडीला झोके घेणारी बोट, ब्रेक डान्स, ड्रॅगन हे वेगवान पाळणे आता लहान जत्रांतूनही दिसतात. या वेगवान पाळण्यांत माणसाला आसनावर धरून ठेवणारी वस्तू एकच असते. कुठे तो मांडीवरचा बार असतो, कुठे खांद्यावरून खाली येणारा बार, कुठे कमरेचा पट्टा, तर कुठे नुसती साखळी. ती वस्तू नीट आहे की नाही, हे आपल्यासारख्या बसणाऱ्याला किंवा जत्रा भरवणाऱ्या समितीला कसे तपासता येईल, तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

मच्छीमार बोटींच्या इंजिनांची आणि जाळी ओढणाऱ्या विंच यंत्रांची दुरुस्ती करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे लोखंड, स्प्रिंग आणि खारे वारे यांचे नाते मला जवळून ठाऊक आहे. तरीही पाळण्याच्या बाराकडे मी लक्षपूर्वक पाहू लागलो ते नातीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका जत्रेत मी आणि माझी सात वर्षांची नात बोटीत शेजारी बसलो होतो. दोघांना मिळून एकच बार होता. पाळण्यावर काम करणाऱ्या मुलाने तो खाली ओढला, खटक्याचा आवाज आला आणि तो पुढच्या रांगेकडे वळला. बार माझ्या मांडीवर घट्ट बसला होता. नातीने त्याखालून दोन्ही गुडघे छातीशी घेतले आणि ती म्हणाली, "आजोबा, हो बार माका लागणाच नाय." मी पाहिले, तर तिच्या मांडीत आणि बारात माझी उभी मूठ आरामात मावत होती. आम्ही उतरलो. खटका लागला होता, बार बंद झाला होता आणि तरीही तिच्यापुरता तो नसल्यासारखाच होता.

बार बंद होणे आणि बार लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सगळी तपासणी या एका भेदावर उभी आहे.

बार नेमके कशासाठी असतो

बोट वर जाऊन परत फिरते तेव्हा पोटात गोळा येतो. त्या क्षणी आसन आपल्याला खालून रेटत नसते. शरीर वरच्या दिशेने चाललेले असते आणि आसन खाली येऊ लागलेले असते. झोका मोठा असेल, तर शरीर आसनावरून प्रत्यक्ष उचलले जाते आणि तेवढा वेळ माणूस केवळ बारामुळे पाळण्यात राहतो. ब्रेक डान्समध्ये हा जोर आडवा येतो, म्हणून बाहेरच्या बाजूला बसलेला माणूस चेपला जातो. आकाशपाळणा सावकाश फिरतो आणि तिथे असा जोर जवळजवळ नसतो. तिथला बार मुख्यतः आपण उभे राहू नये किंवा वाकू नये यासाठी असतो. म्हणून आकाशपाळण्याला चालणारा साधा दांडा बोटीला चालत नाही.

अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ-२२९१ या मानकात पाळण्याचा जोर किती आणि कोणत्या दिशेने आहे, त्यावरून बंधनांचे, म्हणजे माणसाला आसनावर धरून ठेवणाऱ्या साधनांचे, पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गाला बंधनाची गरजच नसते, तर पाचव्या वर्गात प्रत्येकाला स्वतंत्र बंधन लागते आणि कुलपाची यंत्रणा दुहेरी लागते, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरी धरून ठेवते. युरोपात याच कामासाठी ईएन १३८१४ हे मानक वापरले जाते. जत्रेत कोणी मानकाचा क्रमांक विचारणार नाही, मात्र "जोर जितका उलटा, तितके बंधन स्वतंत्र आणि दुहेरी" हा त्यामागचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मांडीवरचा बार शरीराला धरतो तो जांघेजवळ, म्हणजे कंबरेचे हाड आणि मांडी जिथे मिळते तिथे. पोटावर टेकलेला बार धरत नाही, कारण पोट दबते आणि शरीर खालून सरकते. हा बार सर्वस्वी मांड्यांच्या भरवशावर असतो. ८ जुलै २०११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील एका उद्यानात, युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरमधून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. बार मोडला नव्हता; ज्याला अडकायचे ते शरीर त्याच्या खाली नव्हते.

दिवा लागला, तरीही

मोठ्या उद्यानांत प्रत्येक आसनाला संवेदक (सेन्सर) असतो आणि सगळे बार ठरलेल्या मर्यादेपर्यंत खाली आल्याशिवाय पाळणा सुरूच होत नाही. तिथे सगळे यंत्रच पाहते, अशी आपली समजूत असते. दोन घटना मात्र वेगळे सांगतात.

अमेरिकेत ऑर्लँडो येथे २४ मार्च २०२२ रोजी सुमारे ४३० फूट उंचीच्या मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या पाळण्यातून १४ वर्षांचा मुलगा निसटून पडला. त्या पाळण्याची वजनाची मर्यादा १३० किलोच्या आसपास होती आणि मुलाचे वजन त्याहून बरेच अधिक होते. त्याच्या आसनाचा संवेदक हाताने फिरवून असा बसवला होता की खांद्यावरचा बार नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उघडा असतानाही यंत्राने "बंद" अशी खूण दिली. त्या आसनाला वेगळा कमरपट्टा नव्हता.

दुसरी घटना कोलोरॅडोतील, ५ सप्टेंबर २०२१ ची. सहा वर्षांची मुलगी आधीच लावलेल्या पट्ट्यांवर बसली, त्यामुळे पट्टे तिच्या मांडीवर नव्हे तर तिच्याखाली होते. बकल लागलेले होते. यंत्राने गडबडीची सूचना दिली, पण चालकांनी तिचे खरे कारण न शोधता यंत्रणा पूर्ववत केली आणि पाळणा सोडला. ती मुलगी दगावली.

दोन्ही ठिकाणी कुलूप लागले होते आणि माणूस अडकला नव्हता. आपल्या जत्रेत संवेदक नसतात. तिथे हे काम पाळण्यावरच्या मुलाचा हात आणि आपले डोळे करतात.

पायरी पहिली : तिकीट काढण्याआधी एक फेरी पाहा

रांगेत घुसण्यापूर्वी पाळण्याची एक पूर्ण फेरी बाजूला उभे राहून पाहावी. माणसे बसवण्यापासून उतरवण्यापर्यंत सगळे पाहावे. पाळण्यावरचा मुलगा प्रत्येक बाराला हात लावून वर ओढून पाहतो का, की नुसता नजर टाकत चालत जातो? मोटर सुरू करणारा त्याच्या हाताच्या खुणेची वाट पाहतो का? गर्दीच्या वेळी ही तपासणी पहिली गळते, म्हणून शक्य असल्यास गर्दीच्या वेळचीच फेरी पाहावी. रात्र चढेपर्यंत तीच दोन मुले काम करीत असतात. पहाटेपर्यंत दशावतार चालणाऱ्या जत्रेत शेवटच्या फेऱ्यांवर बसण्याचे मी तरी टाळतो.

एखाद्या आसनाला दोरी बांधून ते बंद ठेवले असेल, तर ती चांगली खूण मानावी; दोष मान्य करणारा मालक दोष लपवणाऱ्यापेक्षा बरा. मात्र बार दोरीने बांधून आसन चालू ठेवले असेल, तर त्या पाळण्यावर बसू नये.

पायरी दुसरी : मांडी मोकळी करा

बार खाली येण्यापूर्वी मांडीवर काहीही असता कामा नये. खाजाची पिशवी, पर्स, जाड जाकीट किंवा दुमडलेला पदर बार आणि मांडी यांच्या मध्ये राहिला, तर बार तेवढा वर अडतो आणि पाळणा हलू लागल्यावर ती वस्तू सरकली की तेवढीच फट उरते. ओढणी आणि सैल केस बांधून घ्यावेत, कारण फिरत्या भागात किंवा साखळीत अडकलेली ओढणी गळ्याला फास देऊ शकते. पाठ आणि कंबर आसनाला मागे टेकवून बसावे. पुढे सरकून बसलेल्या माणसावर बार पोटावर येतो आणि धरत नाही.

पायरी तिसरी : बार लागला का, ते स्वतः पाहा

या पायरीला अर्धे मिनिटही लागत नाही आणि ती बहुतेक माणसे करीत नाहीत.

बार खाली आल्यावर दोन्ही तळहात त्याच्या खालून लावून तो जोराने वर रेटावा. खटक्याच्या बारात, म्हणजे एकेका दात्यावर खटका अडकत खाली येणाऱ्या बारात, एका दात्याएवढा सैलपणा असतो, त्यामुळे थोडे हलणे साहजिक आहे. रेटल्यावर बार सरकून वरच्या दात्यावर गेला किंवा सुटला, तर हात वर करून ओरडावे आणि उतरावे. "एकदा ओढून परत लावतो" यावर विश्वास ठेवू नये. जो खटका एकदा घसरला, तो जोरात पुन्हा घसरतो.

त्यानंतर फट पाहावी. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की मांडी आणि बार यांच्यामध्ये आडवा तळहात शिरला तर चालेल, पण उभी मूठ शिरली तर बार लागलेला नाही. हे माप कोणत्या नियमातले नाही, परंतु ते अंधारातही घेता येते. पुष्कळ तरुण बार खाली येताना मुद्दाम पोट फुगवतात, म्हणजे मागाहून ऐसपैस बसता येते. तेवढ्या गमतीसाठी ते बाराचे काम काढून घेतात. याच्या उलट, ज्यांचे पोट खरोखरच मोठे आहे त्यांनी बार जांघेत उतरतो की पोटावर टेकतो, ते प्रामाणिकपणे पाहावे आणि पोटावर टेकत असेल तर उतरावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आसन त्या शरीरासाठी बनवलेले नाही, इतकेच.

पट्टा असेल तर तो कंबरेच्या हाडावर, न पिळलेला आणि आपल्या अंगावरून गेलेला आहे ना, हे हाताने चाचपावे. बकल लावल्यावर झटका देऊन ओढावे. किनाऱ्यावरच्या जत्रेत बकलमध्ये वाळू जाते आणि जीभ अर्धीच बसूनही लागल्यासारखी वाटते. साखळीच्या पाळण्यात पुढच्या साखळीची कडी पूर्ण अडकली आहे का आणि पायांच्या मधला पट्टा आहे का, ते पाहावे. तो पट्टा नसेल तर लहान अंगाचा माणूस साखळीखालून सरळ घसरू शकतो.

मुलांबाबत

सामाईक बार नेहमी सर्वांत जाड मांडीवर थांबतो. त्यामुळे "मी शेजारी आहे ना" ही आईवडिलांची हमी बोटीसारख्या पाळण्यात उलटी पडते; मोठा माणूस शेजारी बसल्यानेच मुलाच्या बाजूची फट वाढते. सामाईक बार असेल तर सारख्या अंगाची दोन मुले एकत्र बसवावीत आणि त्या दोघांपुरता बार लागतो का, ते पाहावे. लागत नसेल तर तो पाळणा त्यांच्यासाठी नाही.

उंचीची पट्टी ही वयाची परीक्षा नसते. त्या उंचीखालच्या मुलाची मांडी, कंबर आणि खांदे बाराच्या मापात बसत नाहीत, एवढाच तिचा अर्थ असतो. मुलाला चवड्यांवर उभे करून किंवा जाड तळव्याचे बूट घालून पट्टी पार करणारे पालक मी पाहिले आहेत. पट्टी पार होते, मांडी मात्र तेवढीच राहते.

तान्हे मूल मांडीवर घेऊन कोणत्याही वेगवान पाळण्यात बसू नये. शरीरावर वजनाच्या अडीचपट जोर आला, तर दहा किलोचे मूल हातांना पंचवीस किलोचे होते आणि पुढच्याच क्षणी ते हातांतून वर उडू पाहते.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

२६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या जत्रेत फिरत्या पाळण्याचा एक भाग हवेतच तुटला आणि १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. आधाराची पोकळ तुळई आतून गंजून तिची जाडी झिजली होती. पाळणा अठरा वर्षांचा होता आणि जत्रेपूर्वी त्याची तपासणीही झालेली होती. बार बंद असूनही काही उपयोग नव्हता, कारण बार ज्या आसनाला होता ते आसनच सुटले. आपल्याकडे अहमदाबादेत कांकरिया येथे १४ जुलै २०१९ रोजी लंबकासारखा झोका घेणारा पाळणा मोडून पडला आणि दोघांचा बळी गेला.

ओहायो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. कुणकेश्वरचे देऊळ समुद्राला लागून आहे आणि तिथल्या जत्रेत वाऱ्याबरोबर मीठच येते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून इथले लोखंड कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही आतून ओलेच असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे खटक्याच्या पिनेभोवतीची बारीक मोकळीक भरून जाते. मग खटका अर्धाच बाहेर येतो, दात्याच्या टोकावर टेकतो आणि आवाज मात्र नेहमीसारखाच देतो. स्प्रिंगला गंजाचे खड्डे पडले की ती एक दिवस तुटते. पाळणे पावसाळाभर ताडपत्रीखाली उभे असतात. म्हणून हंगामातल्या पहिल्या जत्रेत मी बार सर्वांत जास्त बारकाईने पाहतो.

बसणाऱ्याला दिसू शकतील अशा खुणा थोड्या आहेत, पण बोलक्या आहेत. वेल्डिंगच्या सांध्यातून किंवा बोल्टाखालून रंगावर तांबडा ओघळ आला असेल, तर पाणी आत जाऊन गंज बाहेर येतो आहे. नवाकोरा रंग बघून भुलू नये. जाड रंगाखाली तडा झाकला जातो. पिनेच्या टोकाला मूळची, टोके वाकवून अडकवायची स्प्लिट पिन नसून बांधणीची तार गुंडाळलेली असेल, तर तो पाळणा सोडून द्यावा. एका जत्रेत बाराच्या बिजागरीला अशी तार मी पाहिली. तिच्या पिळांत गंज होता, म्हणजे ती तात्पुरती म्हणून बांधून बरेच दिवस लोटले होते. पट्ट्याचा रंग उडून तो ताठ झाला असेल आणि कडा केसाळ झाल्या असतील, तर उन्हाने त्याची ताकद खाल्ली आहे. स्टेनलेस स्टीलही इथे गंजत नाही असे नाही. ३०४ प्रतीच्या स्टीलवर किनाऱ्याला चहाच्या रंगाचे डाग येतात, तर ३१६ प्रत मॉलिब्डेनम या धातूमुळे अधिक टिकते.

यात्रा समितीने जागा देण्यापूर्वी

बसणाऱ्याला जे दिसत नाही ते समितीला मागता येते, कारण जागा तिच्या हातात असते. सार्वजनिक करमणुकीचा परवाना, यांत्रिक तंदुरुस्तीचा दाखला, विजेच्या जोडणीची तपासणी आणि विमा ही कागदपत्रे जागेची पावती फाडण्याआधी पाहावीत. दाखला याच उभारणीचा आहे का, हे तारखेवरून आणि ठिकाणावरून ताडून पाहावे. पाळणा मागच्या गावी सोडवून इथे पुन्हा जोडलेला असतो; तिथल्या दाखल्याने इथले बोल्ट आवळले जात नाहीत.

पोकळ नळ्यांची उरलेली जाडी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने बाहेरूनच मोजता येते, हे बंदरावरच्या लोकांना माहीत असते, कारण जहाजांच्या पत्र्यांचीही जाडी अशीच मोजतात. पाळणेवाल्याकडून असे मोजमाप मागायला हरकत नाही.

रोज सकाळी पाळणा माणसांशिवाय, आसनांवर वाळूची पोती ठेवून आणि बार लावून फिरवायला लावावा. प्रत्येक आसनाला क्रमांक असावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे बार, खटका, पिन, पट्टा अशी नोंद असावी. नापास आसन साखळीने बंद करावे. रात्री जत्रा उठल्यावर खटके आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच तेल द्यावे. वाळू असलेल्या जागी ग्रीस भरले तर ते घासपेस्टसारखे काम करते आणि दाते झिजवते. बार पाहणारा आणि मोटर सुरू करणारा ही दोन माणसे वेगळी असावीत.

पाळणा सुरू असताना काही बिघडले तर

बार सैल झाल्यासारखा वाटला, तर पाठ आसनाला घट्ट टेकवावी, पाय समोर रोवावेत, दोन्ही हातांनी बार खाली दाबून धरावा आणि मोठ्याने ओरडावे. खटक्याचा बार असेल तर दाबल्यावर तो पुन्हा खालच्या दात्यावर बसू शकतो. उडी मारण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खाली उभ्या माणसांनी थेट मोटरीजवळच्या माणसाला गाठावे, कारण भोंग्यांच्या आवाजात वरची हाक त्याच्यापर्यंत जातेच असे नाही.

वीज जाऊन पाळणा मध्येच अडकला, तर बार आपणहून उघडू नये. चांगल्या रचनेत वीज गेल्यावर कुलूप बंदच राहते. कोणी पडले असेल, तर मान व पाठ न हलवता त्याला आहे तसे ठेवून १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. बार ढिला निघाला पण कोणाला इजा झाली नाही, तरीही आसनाचा क्रमांक, वेळ आणि बाराचा फोटो घेऊन समितीला आणि बंदोबस्ताच्या पोलिसांना लगेच दाखवावा, कारण पुढची फेरी भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत.